डोईफोडे सरांची सरळ रेघ

बार्शीच्या एसटी स्टँडवर भूमची गाडी सुटायच्या बेतात होती. कंडक्टरने घंटी मारली, ड्रायव्हरने गिअर टाकला आणि नेमका तेव्हाच पलीकडच्या शाळेतून आवाज आला, “शाळाऽऽ साऽवधान!” गाडी जागच्या जागी बंद पडली. बार्शीत कुणालाही विचारा, शपथेवर सांगेल. शपथेवर सांगणाऱ्यांपैकी निम्मे त्या दिवशी परगावी होते, पण तेवढ्यावरून गोष्ट खोटी ठरत नाही.

लोकसेवा प्रशालेच्या कुंपणामागे एका गवळ्याचा गोठा होता. त्याच्या म्हशी रोज सकाळी ‘सावधान’ला उठून उभ्या राहायच्या आणि ‘विश्राम’ म्हटलं की बसायच्या. त्यातली एक त्याने वैरागला विकली, तर आठवडाभरात नवा मालक तिला टेम्पोत घालून परत घेऊन आला. म्हणाला, “दूध चांगलं देती हो, पर बसतच न्हाई. कुणीतरी विश्राम म्हणाय लागतंय.”

आवाज होता विश्वंभर डोईफोडे यांचा, म्हणजे पीटीच्या सरांचा. उंची बेताची, मिशी भरघोस आणि छातीत जणू पितळी घंगाळ बसवलेलं. उभ्या नोकरीत त्यांचा घसा बसला नव्हता. सगळ्या गावाला सर्दी झाली तरी सरांना शिंक येत नसे. आडनावाची धास्ती घेतलेली पाचवीतली पोरं महिन्याभरात त्यांच्या हाताला लोंबकळायला लागायची.

शर्वरी ही त्यांची एकुलती एक मुलगी. अकरावी सायन्सला, त्याच शाळेत. शिक्षकांच्या पोरांचा एक नियम असतो आणि तो तिने पहिलीपासून पाळला होता: फाटकाच्या आत ‘सर’, बाहेर ‘पप्पा’. सरही असे बेरकी की वर्गात तिने हात वर करून “सर, पाणी प्यायला जाऊ?” विचारलं, की गंभीरपणे म्हणायचे, “नाव काय तुझं?”

“शर्वरी विश्वंभर डोईफोडे.”

“वडलांचं नाव झकास आहे. जा.”

वर्ग हसायचा. शर्वरी चिडून पाणी प्यायला जायची, आणि घरी सायकलवरून जाताना दोघंही त्यावर पुन्हा हसायची.

तर अशा या शर्वरीने आणि तिची मैत्रीण जोया तांबोळी हिने ‘कानोसा’ तयार केला. जोयाच्या अब्बांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे माइक, तारा आणि उसनी अक्कल यांची तिला कधी कमतरता नव्हती.

कानोसा म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आपल्या गळ्यात दोन पट्ट्या असतात. बोलताना त्या सेकंदाला शंभर-दोनशे वेळा उघडझाप करतात, त्याचा आवाज होतो. निरोगी माणसाची प्रत्येक उघडझाप आधीच्या उघडझापीसारखीच असते, कवायतीतल्या पावलांसारखी. पण मेंदूकडून त्या पट्ट्यांना येणारा हुकूम डळमळायला लागला, की एखादं पाऊल मागे पडतं, एखादं पुढे. कंपवातात हे होतं, आणि गंमत अशी की हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी होतं. कानाला ते कळत नाही. गणिताला कळतं. तेव्हा एकाच माणसाचा आवाज वर्षानुवर्षं रोज ऐकायचा, त्यातली चुकलेली पावलं मोजायची आणि आजार दाराशी यायच्या आधीच त्याची चाहूल घ्यायची, असं ते यंत्र होतं.

प्रश्न एवढाच होता, की वर्षानुवर्षं रोज रेकॉर्ड केलेले आवाज आणायचे कुठून? मोठमोठ्या इस्पितळांना जे मिळालं नाही ते जोयाला शाळेच्या कॉम्प्युटरमध्ये सापडलं. मागे कधीतरी वरून हुकूम आला होता, की रोजच्या परिपाठाचा व्हिडिओ काढून पाठवावा. शाळेने तो इमानाने पाठवला आणि पृथ्वीतलावर एकाही माणसाने तो बघितला नाही. सहा वर्षांचे परिपाठ! तेच शिक्षक, तीच मुलं, तीच प्रतिज्ञा, तेच सुविचार. शास्त्रज्ञांनी नवस बोलावा असा खजिना.

अडचण माइकची. शाळेचा माइक दर वर्षी नवा देणगीदार द्यायचा आणि मागच्यापेक्षा वाईट द्यायचा. उन्हाळ्यात तो खरखरायचा, पावसाळ्यात गुरगुरायचा. मग आवाजातला दोष माणसाचा की माइकचा?

“सोप्पंय,” शर्वरी म्हणाली होती. “रोज पहिल्यांदा माइकवर कोण बोलतं?”

“तुझे पप्पा.”

“आणि काय बोलतात?”

“शाळा सावधान.”

“सहा वर्षं तेच दोन शब्द. माणूसही तोच. मग त्या दिवशीच्या सगळ्या आवाजांना सरांच्या आवाजाने भागायचं. माइकचा दोष दोघांतही सारखाच, तो आपोआप कटला. सर म्हणजे आपला शून्य.”

जोयाने क्षणभरसुद्धा शंका घेतली नाही. का घ्यावी? ज्याच्या हुकुमाने एसटी बंद पडते, त्या माणसाचा आवाज हलेल असं बार्शीत जन्मलेल्या कुणाच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या गावच्या पोरींनी कदाचित तपासून बघितलं असतं.

उत्तर आलं ते अद्भुत होतं. सहा वर्षांत शाळेतल्या झाडून सगळ्यांचे आवाज सुधारत गेले होते! मुलांचे सुधारले, शिक्षकांचे सुधारले, निवृत्तीला टेकलेल्या शिपायाचाही सुधारला. सगळ्यांच्या रेघा वर चढत होत्या. फक्त एक रेघ चढत नव्हती, आडवी, सरळ राहिली होती. ती चित्रकलेच्या निंबाळकर बाईंची. आणि बाईंना कंपवात झाला होता. आता त्यांना ब्लाऊजचं बटण लावता येत नव्हतं, पण रेघेने ते हात कापायच्या तीन वर्षं आधी ओळखलं होतं. पोरींनी नियम मांडला: निरोगी माणूस चढतो, आजारी माणूस सरळ राहतो.

तालुक्याला पहिला नंबर आला. मुख्याध्यापकांनी भाषणात सांगून टाकलं, की परिपाठाने आयुष्य वाढतं हे आता विज्ञानाने सिद्ध झालं आहे. जिल्ह्याला पहिला नंबर आला, तेव्हा कुठल्याशा साहेबांनी जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांत परिपाठ दोनदा घ्यायचा आदेश काढला. राज्य, मग देश, आणि मग हेलसिंकीला भरणाऱ्या जागतिक शालेय विज्ञान मेळ्याचं बोलावणं. विज्ञानाच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर होत्या. पोरींबरोबर मार्गदर्शक म्हणून कोण जाणार? अर्थातच शून्य.

हेलसिंकी हे सरांच्या दृष्टीने फार आजारी शहर होतं. लोक ट्राममध्ये शेजारी बसून एकमेकांशी न बोलता तीन-तीन स्टॉप जायचे. सरांनी पहिल्याच दिवशी मेळ्याच्या हॉलमध्ये “शर्वरीऽ, जोयाऽ, चला!” म्हणून हाक मारली आणि नॉर्वेच्या पोरांचा पाण्यावर चालणारा यंत्रमानव बुडाला. म्हणजे तो तसाही बुडणार होता, पण सरांनी माफी मागून त्यांना शेंगदाण्याची चटणी दिली.

मेळ्यात सगळ्यांना कानात घालायचं भाषांतर-यंत्र दिलं होतं. कुणी कुठल्याही भाषेत बोललं, की वाक्य संपल्यावर जरा थांबून कानात मराठी उमटायचं. त्यातली बाई शुद्ध पुणेरी होती.

“मला ‘आपण’ म्हणती रे ही,” सर खूश होऊन सांगत. “घरात कधी कुणी म्हणलं नाही.” आणि जो भेटेल त्याला छातीवर हात ठेवून आपलं इंग्रजी ऐकवत, “आय ॲम झीरो! झीरो, मी! स्ट्रेट लाइन!” ब्राझीलची पोरं त्यांना ‘मिस्टर झीरो’ म्हणायला लागली होती. सर त्यांच्याकडून पुशअप्स काढून घेत होते आणि त्या बदल्यात चिवडा देत होते.

पहिल्या फेरीला परीक्षक आल्या त्या कोरहोनेन नावाच्या बाई. पिकलेले केस, पायात लोकरीचे मोजे, आवाज इतका हळू की सरांच्या शाळेत नापास झाल्या असत्या. त्यांनी शर्वरीचं पाठ केलेलं इंग्रजी सगळं ऐकून घेतलं. आलेखासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “निरोगी माणसं वर का चढतात?”

“परिपाठाने,” शर्वरी म्हणाली. म्हणताना पहिल्यांदाच तिला ते कसंतरी वाटलं.

“तुमचा शिपाई साठीला आला आहे. त्याचाही आवाज तरुण होतो?”

“हो.”

“तुमचा जो शून्य आहे, त्याची रेघ इथे दिसत नाही.”

“ती काढायची गरजच नाही ना, मॅडम. त्याला त्यानेच भागलं की एकच येतो. ती कायम सरळच असणार.”

“सरळ,” बाई म्हणाल्या. “आणि ही आजारी बाईंची रेघ?”

“तीपण सर–”

शर्वरीचं वाक्य तिथेच राहिलं. जोयाने टेबलाची कड धरली.

स्टँडवर दोन एसट्या शेजारी उभ्या असतात. आपण खिडकीत बसलेलो असतो. शेजारची गाडी पुढे निघाली असं वाटतं, आणि जरा वेळाने कळतं की ती जागेवरच आहे, आपलीच गाडी मागे चालली आहे. बार्शीच्या माणसाला हे आईच्या दुधाबरोबर ठाऊक असतं. शाळेत कुणीच चढत नव्हतं. सगळे आपापल्या जागी, जसेच्या तसे उभे होते. खाली चालला होता तो शून्य, आणि त्याच्या बरोबरीने, त्याच चालीने, निंबाळकर बाई. म्हणून त्या दोघांमध्ये अंतर पडत नव्हतं.

“उद्या दुपारी अंतिम फेरी आहे,” कोरहोनेनबाई म्हणाल्या. “दुरुस्त केलंत तर हे यंत्र या हॉलमधलं सगळ्यात चांगलं काम आहे. तो माणूस कोण, मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असावा.” त्यांनी शर्वरीच्या खांद्यावर हात ठेवला न ठेवलासा केला आणि त्या गेल्या.

तेवढ्यात सर आले. मिशीला चिवड्यातली हळद लागली होती. “काय म्हणत होत्या मॅडम?”

“छान म्हणत होत्या, सर,” जोया म्हणाली.

“मग? शून्यच भक्कम आहे आपला!”

बंदरावर बाजार भरला होता. सरांना मासळीच्या सुपाच्या रांगेत उभं करून दोघी पाण्याकडे तोंड करून बाकावर बसल्या. जोयाने मांडीवरच्या टॅबवर बाकीच्या सगळ्या शाळेची सरासरी काढून तिलाच शून्य धरलं होतं. आता सगळ्यांच्या रेघा गुण्यागोविंदाने आडव्या झाल्या होत्या. दोनच उतरत होत्या.

“पुन्हा कर,” शर्वरी म्हणाली.

“चार वेळा केलंय, शर्वे.”

“माइक असेल.”

“माइक असता तर सगळेच उतरले असते. तुलाही कळतंय की.”

“मग उद्या जुनाच आलेख लाव. काय होईल? नंबर येणार नाही. घरी जाऊ. मग मी डॉक्टरांना विचारून, आईला सांगून, हळूहळू…”

जोयाने टॅब बंद करून बाकावर ठेवला. “ऐक. नवं औषध आलंय ते आपण दोघींनी वाचलंय. हात कापायच्या आधी सुरू केलं तर आजाराची चाल बैलगाडीची होते. नंतर घेतलं तर नुसतं पाणी. बाईंना नंतर मिळालं. असल्या किती बाई असतील जगात? आणि आपण उद्या तिथं उभं राहून म्हणायचं, की आजारी माणूस सरळ असतो आणि परिपाठ म्हटला की बरं वाटतं?”

“तुझे अब्बा असते तर?”

“तर मी तुझ्यासारखीच रडले असते,” जोया म्हणाली. “आणि तू माझ्यासारखं बोलली असतीस.”

शर्वरीने डोळे पुसले आणि नव्या आलेखाला ती ‘हो’ म्हणाली. तिला सुवर्णपदक हवं होतं. त्या क्षणीही हवं होतं, आणि ते आपल्याला हवं आहे हे कळल्यावर तिला स्वतःचीच शिसारी आली. पुढे कितीदा तिने मनाशी वजन करून बघितलं, की त्या बाकावर आपण ‘हो’ म्हणालो त्यात खरेपणा किती होता आणि पदक किती. ते काही तिला वेगळं करता आलं नाही.

सर तीन वाट्या सांभाळत आले. “हे घ्या. मीठ नाही, तिखट नाही, तोंड नाही, शेपूट नाही. आजारी माणसाचं जेवण आहे नुसतं.”

“पप्पा,” शर्वरी म्हणाली.

“आत्ता ड्यूटीवर आहे मी. सर म्हण.”

“सर… तुम्ही उद्या ती बोट घेऊन किल्ल्यावर जाऊन या ना. बेटावर आहे. फार सुंदर आहे म्हणतात.”

“आणि तुमचं भाषण?”

“ते तुम्ही शंभर वेळा ऐकलंय. आणि तुम्ही झोपता भाषणात.”

“झोपतो तो दुसऱ्यांच्या,” सर म्हणाले, सुपाचा भुरका मारला आणि तिच्याकडे बघून भुवई उडवली. “तोंड का उतरलंय? भ्यायलीस? अगं, मी पुढच्या रांगेत बसतो. विसरलीस तर माझ्याकडं बघ.”

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. तिने वाटीतलं सूप संपवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉल खचाखच भरला होता. सर पुढच्या रांगेत, नव्या कोटात. पोरींच्या आधीची दोन भाषणं झाली तेव्हा शर्वरीने पडद्याआडून बघितलं: सरांनी कानातलं यंत्र काढून वरच्या खिशात टाकलं होतं आणि हनुवटी छातीवर टेकली होती. तिने देवाचे आभार मानले. इंग्रजी सरांना जेमतेमच येत होतं. यंत्र खिशात असलं म्हणजे झालं. घरी जाऊ, डॉक्टरांना भेटू, मग सांगू.

आपल्या शाळेचं नाव पुकारल्यावर सर जागे झाले, टाळ्या वाजवल्या आणि त्या टाळ्यांच्या गडबडीत त्यांनी यंत्र कानात घातलं. शर्वरी तेव्हा कागद लावत होती.

ती बोलली ते फार सुंदर बोलली. पाठांतर नव्हतं, त्यामुळे अडखळली, पण एकेक शब्द तिचा स्वतःचा होता. आपलं चुकलं हेही तिने सांगितलं; कसं, ते पडद्यावर दाखवते म्हणाली. लोक खुर्चीत पुढे सरकले. मग मोठ्या पडद्यावर नवा आलेख आला. आडव्या रेघांचा गठ्ठा, आणि त्यातून निसटून खाली जाणाऱ्या दोन रेघा.

“ही एक रेघ आमच्या चित्रकलेच्या शिक्षिकांची,” शर्वरी इंग्रजीत म्हणाली. “आणि ही दुसरी. ज्याला आम्ही शून्य धरलं होतं, तो हा माणूस. हा माणूस आजारी आहे आणि त्याला ते अजून माहीत नाही.”

कानातली पुणेरी बाई वाक्य संपल्यावर जरा थांबून बोलायची. सरांपर्यंत पोचलं ते ‘ज्याला आम्ही शून्य धरलं होतं, तो हा माणूस.’ तेवढं पुरेसं होतं. आठवडाभर ज्या क्षणाची वाट बघितली तो आला होता. सर ताडकन उठले, हात वर केला आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असे गरजले, “आय ॲम! मी! मीच तो!”

ब्राझीलच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. “मिस्टर झीरो!” बाकीच्यांना काय घडतंय कळेना, पण चार जणांनी टाळ्या वाजवल्या. सर हात तसाच वर ठेवून चौफेर हसत वळले.

आणि मग पुढचं वाक्य त्यांच्या कानात आलं. अदबीने, शुद्ध मराठीत.

शर्वरीने ते त्यांच्या चेहऱ्यावर येताना बघितलं. आधी डोळे थांबले, मग हसू थांबलं, आणि ते चेहऱ्यावर तसंच उरलं, पाहुणे गेल्यावर मांडव उरतो तसं. हात खाली यायला वेळ लागला. हॉलमध्ये ज्यांना ज्यांना कळलं ते गप्प होत गेले आणि मग सगळा हॉल गप्प झाला. सर दोन्ही हात मांडीला चिकटवून, मान ताठ करून सावधानमध्ये उभे राहिले. त्या हॉलमध्ये विश्राम म्हणायला कोणी नव्हतं.

सुवर्णपदक मिळालं. सरांनी फोटोत मध्ये उभं राहून मिशीला पीळ दिला. परतीच्या विमानात ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग जोयाच्या डोक्यावरून शर्वरीकडे वाकून त्यांनी विचारलं, “ते औषध सकाळी घ्यायचं असतं का रात्री?”

“सकाळी, पप्पा.”

“बरं,” ते म्हणाले.

बार्शीने हलगीच्या तालावर मिरवणूक काढली. परिपाठ दोनदा घ्यायचा आदेश गुपचूप मागे घेतला गेला. आणि वर्षभरात कानोसा जगातल्या प्रत्येक फोनमध्ये जाऊन बसला. त्याने किती जणांचे हात वाचवले याचा हिशेब नाही. पण माणसंही बिथरली. लग्न जमवताना पत्रिकेच्या आधी लोक म्हणायला लागले, “मुलाचा आवाज पाठवा.” काही जण फोन आला की मुद्दाम खोकून बोलायचे, म्हणजे यंत्राला अंदाज येऊ नये. माढ्याकडच्या एका पुढाऱ्याने विरोधकांच्या भीतीने भाषणंच सोडून दिली, नुसते हात जोडून फिरला आणि पूर्वीपेक्षा दुप्पट मतांनी निवडून आला.

शर्वरीला फोनची गरज उरली नव्हती. हजारभर परिपाठ आलेखाशेजारी ठेवून ऐकता ऐकता, जे कानाला कळत नाही म्हणतात ते तिच्या कानाला कळायला लागलं होतं. शेजारच्या काकू बोलल्या की तिला त्यांची पावलं ऐकू यायची. आणि घरात तर एकच आवाज होता. “चहा झाला का गं?” सर विचारायचे, आणि तिला ऐकू यायचं, ‘झाला’वर एक पाऊल मागे पडलं. “लाइट घालव.” ‘व’वर दोन.

ती काही बोलायची नाही. पण बापाला लेकीचा चेहरा वाचायला यंत्र लागत नाही. आपण तोंड उघडलं की ही मान किंचित कलती करते, हे सरांच्या लक्षात आलं. मग ते तिच्याशी बोलेनासे झाले. भांडण नाही, राग नाही. शाळेत ‘सावधान’ सुरू होतं, चौकात गप्पा सुरू होत्या, तिच्या आईशी भाजीवरून वाद सुरू होते. शर्वरी खोलीत आली की वाक्य अर्ध्यात थांबायचं. पलीकडच्या खोलीतून तिच्या फोनवर संदेश यायचा, ‘जेवलीस का?’ ती लिहायची, ‘हो.’ खाली अंगठा यायचा.

“तुम्हा दोघांचं झालंय तरी काय?” आई करवादायची. दोघंही हसायची. काय सांगणार?

बारावीनंतर शर्वरीला बंगळुरूच्या मोठ्या संस्थेत प्रवेश मिळाला. गाडी कुर्डुवाडीहून होती. आईला गाडी लागते म्हणून सोडायला सर एकटेच आले. भर दुपार. गाडी लेट असल्याचं पुकारलं जात होतं. फलाटावरच्या बाकावर दोघं बसली, मध्ये तिची बॅग. सरांनी पाण्याची बाटली उघडली, एक घोट घेतला, घसा साफ केला. बॅग उचलून पलीकडे ठेवली. मग तिच्याकडे न बघता, समोरच्या रुळांकडे बघत बोलायला लागले.

कितीतरी महिन्यांनी ते तिच्याशी बोलत होते! एक वाक्य नव्हे, दोन नव्हे. सावकाश, जोडून, मनात आधी कितीदा तरी म्हणून बघितलेलं असावं तसं.

पहिल्या वाक्यात पट्ट्या नीट जुळून निघाल्या. दुसऱ्याच्या शेवटी श्वास कमी पडला, पण सावरला. तिने नकळत मान कलती केली. तिसऱ्या वाक्यात पावलं चुकली, एक, पुन्हा एक, मात्र ‘ई’वर सूर लांबला तेव्हा तो डगमगला नाही. मागच्या उन्हाळ्यात इथेच घसरायचा. म्हणजे औषध लागू पडतंय. उतार कमी झालाय. ती श्वास रोखून ऐकत राहिली. पुढे सर जरा थांबले, आवाज दाटून खाली गेला, तो दाटणारा भाग तिने बाजूला काढला, त्याखालची पावलं मोजली, आणि ती ठीक होती, चक्क ठीक होती! अजून बरीच वर्षं आहेत. बरीच. तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

सर बोलायचे थांबले. त्यांनी वळून तिच्या हसण्याकडे बघितलं.

“हसायलीस?”

“नाही… म्हणजे…”

“मी काय म्हणलो, शर्वरी?”

तिने तोंड उघडलं. एकेक घोट, एकेक उसासा, कुठे पट्ट्या लागल्या, कुठे सुटल्या, तिला सगळं आठवत होतं. शब्द एकही आठवत नव्हता.

“पप्पा,” ती म्हणाली. “परत सांगा ना. एकदाच. मी नुसतं ऐकते. शपथ.”

सरांनी बाटलीचं झाकण लावलं. दोनदा आटे चुकले, तिसऱ्यांदा बसलं. ते उठले आणि त्यांनी तिची बॅग खांद्याला लावली.

“गाडी आली बघ,” ते म्हणाले.

रूळ लांबपर्यंत मोकळे होते.